शिबीर निर्विघ्न पार पडले

यवतमाळहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात आमच्या गावच्या योगशिबिराची बातमी आली होती. चार ओळींची. तिच्यातलं शेवटचं वाक्य होतं, ‘शिबीर निर्विघ्न पार पडले.’ ते वाक्य मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून वाचलं. आज इतकी वर्षं झाली, पण ‘निर्विघ्न’ हा शब्द लग्नाच्या पत्रिकेत जरी दिसला तरी माझं डोकं तापतं.

मी तेव्हा उमरखेडला खोली घेऊन राहत होते. माहेर यवतमाळचं, लग्न व्हायचं होतं, आणि नोकरी गावापासून अडीच मैलांवरच्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेत. सकाळी तिकडे जाणारी एसटी नव्हती, म्हणून वडिलांनी आपली जुनी सायकल माझ्या हवाली केली. मधे आडवी नळी असलेली ती पुरुषी सायकल. साडी नेसून तिच्यावर चढणं म्हणजे रोजची कसरत, आणि ती पाहायला चौकात माणसं थांबायची.

ती सायकल घेऊन मी पहिल्यांदा चाचांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात गेले; सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली. वर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली जमीन. चाचांनी सायकल उलटी करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, हे नळीची गाडी तुमच्या कामाची नाही. पडसान एखाद्या दिवशी. आठ दिवस राहू द्या माझ्यापाशी.” आठ दिवसांनी गेले तर त्यांनी कुठून तरी एका मोडक्या लेडीज सायकलची चौकट आणून तिला माझी चाकं बसवली होती.

चाचा तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. बापाचाच धंदा, बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवण्याचा; पुढं सायकली आल्या तसे ते सायकलींवर आले. दिवसभर उकिडवं बसून काम. पण शरीर असं की पाहणाऱ्यानं पाहतच राहावं. लहानपणी गावच्या तालमीत एका म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना कुस्तीबरोबर आसनंही शिकवली होती, आणि ती त्यांनी कधी सोडली नाहीत. पहाटेची नमाज झाली की घराच्या अंगणात चटईवर त्यांची आसनं चालायची.

मला दम लागायचा. अडीच मैलांचा रस्ता, त्यात एक चढण. दुकानासमोरून जाताना माझी धाप त्यांना ऐकू जायची. एक दिवस म्हणाले, “तोंडानं हवा कायले पिऊन राह्यल्या, बाई? नाकानं घ्या. दोन पायडलले आत, दोन पायडलले बाहेर.” मी तसं करून पाहिलं. पंधरा दिवसांत चढण न उतरता चढायला लागले. मग रविवारी त्यांच्या घरी जायची सवय लागली. चाची दाराशी बसून तांदूळ निवडायच्या, चाचा अंगणाच्या एका टोकाला आसन करून दाखवायचे, आणि मी दुसऱ्या टोकाला करायची. त्यांनी कधी माझ्या अंगाला हात लावला नाही. चुकलं की नुसतं म्हणायचे, “उहूं. आजून शरीर ‘हो’ नाही म्हणून राह्यलं. थांबा.”

हे इतकं सांगायचं कारण, शिबिरात चाचांना मी नेलं.

चौसष्ट साल असावं. गावातल्या वकीलसाहेबांनी पुढाकार घेऊन एक समिती केली आणि शनिवार-रविवार दोन दिवसांचं अष्टांग योगाचं शिबीर ठरवलं. दक्षिणेकडे गुरूजवळ बारा वर्षं राहून आलेले एक योगाचार्य येणार होते. गावभर पत्रकं वाटली. एक मी चाचांच्या दुकानात उभी राहून मोठ्यानं वाचलं, कारण त्यांना मराठी बोलायला येई, वाचायला येत नसे. शेवटची ओळ होती, ‘शिबीर सर्वांसाठी खुले. जात, धर्म, वय यांचे बंधन नाही.’

“चला की चाचा,” मी म्हटलं.

“मी?” ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत ते म्हणाले. “तिथं वकील, डॉक्टर, मोठे मोठे लोक राह्यतीन. मी काहून जाऊ?”

“पत्रकात लिहिलंय ना, सर्वांसाठी म्हणून.”

“पत्रकात लय काही लिहितात, बाई.”

पण त्यांचं मन ओढ घेत होतं, हे मला दिसत होतं. तीस वर्षं एकटाच करत आलेला माणूस. दुसरं कोणी हे कसं करतं, हे पाहायची त्यांना फार हौस. मी दोन दिवस मागे लागले. तिसऱ्या दिवशी ते हो म्हणाले.

शनिवारी मी रजा टाकली. पहाटे साडेपाचला एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचं होतं. घरमालकिणीचं नऊवारी मागून घेतलं आणि कासोटा घालून गेले. साठेक माणसं होती. आम्ही बायका चारच, सगळ्या शिक्षिका. आम्हाला मागच्या कोपऱ्यात जागा दिली होती. चाचा तिसऱ्या ओळीत, धुतलेली पांढरी बनियन आणि अर्धी चड्डी घालून, नव्या नवरदेवासारखे अवघडून बसले होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

योगाचार्य माझ्या अंदाजानं पस्तिशीचे. उघडं अंग, तेल लावल्यासारखी कांती, आवाज धारदार. आसनं एकाला एक जोडलेली, प्रत्येक हालचालीला एक श्वास, आणि ते संस्कृतमध्ये आकडे मोजत. एकम्, द्वे, त्रीणि. खोटं कशाला बोलू? पहिला अर्धा तास मला फार आवडला. साठ माणसांचा श्वास एकदम आत जाई, एकदम बाहेर येई, आणि त्या हॉलमध्ये असा आवाज भरे की अंगावर काटा येई. मला वाटलं, बरं झालं आलो.

मग त्यांचं लक्ष चाचांकडे गेलं. पाय पसरून पुढं वाकायचं होतं. आमची बोटं पोटऱ्यांपाशी अडकलेली, आणि चाचांचं कपाळ गुडघ्यांच्या पलीकडे टेकलेलं.

“हे पाहा, याला म्हणतात आसन!” योगाचार्य म्हणाले. “तुम्ही पुढे या. इथे, सगळ्यांसमोर.”

चाचा उठून पुढे गेले.

“काय करता?”

“सायकली दुरुस्त करतो, गुरुजी.”

पहिल्या ओळीत हशा झाला. योगाचार्यांनी सगळ्यांकडे पाहून म्हटलं, “सायकलवाल्याला जमतं, तर वकीलसाहेबांना का जमू नये?” पुन्हा हशा. समितीचे वकीलसाहेब सगळ्यात मोठ्यानं हसले. गावातले डॉक्टर त्यांच्या शेजारी बसले होते, तेही हसले. एका फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला.

पुढचं आसन, एक पाऊल उलट्या मांडीवर चढवून पुढं वाकायचं. उजवा पाय चाचांनी सहज चढवला. डाव्याची पाळी आली तेव्हा ते थांबले.

“गुरुजी, हा पाय नाही येत. ह्याच्यावरून एक डाव बैलगाडीचं चाक गेलतं. मी हा तेवढा सोडून देतो.”

“पाय येत नाही, की मन येत नाही?”

हशा.

“नाही गुरुजी, गुडघ्याची चोट हाये. पुरानी.”

“चोट मनात असते. शरीर फक्त ऐकतं.” असं म्हणून त्यांनी चाचांचं डावं पाऊल उचललं, उजव्या मांडीवर चढवलं, आणि वर उचललेल्या गुडघ्यावर आपला गुडघा ठेवून अंगाचा भार टाकला. चाचांनी एक हात वर केला. बोलायला म्हणून की थांबवायला म्हणून, कोण जाणे. जाडा कपडा फाटावा तसा आवाज झाला. मागच्या कोपऱ्यात मला ऐकू आला, म्हणजे सगळ्यांना ऐकू आला असणार.

योगाचार्य म्हणाले, “पाच श्वास.”

आणि हॉलमधल्या साठ माणसांनी पाच श्वास घेतले. त्यांच्यात मीही. माझं डोकं खाली, डोळे पायाच्या अंगठ्यावर, आणि मी एक, दोन, तीन मोजत राहिले. ज्या माणसानं मला श्वास घ्यायला शिकवलं, तो समोर गुडघा फाटून बसला होता आणि मी शिस्तीत श्वास मोजत होते. लोकांच्या गप्प बसण्याचा मला जो संताप येतो, त्यात हे माझं स्वतःचं पहिलं येतं.

पाच झाल्यावर मी उठून पुढं धावले. चाचांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मांडीवरून पाऊल खाली घेता येत नव्हतं. मी दोन्ही हातांनी ते उतरवलं. “कुछ नहीं, कुछ नहीं,” ते म्हणत होते. गुडघा डोळ्यांदेखत फुगत होता. योगाचार्य पुढचा आकडा मोजायला लागले होते. मी डॉक्टरांकडे पाहिलं. चार हातांवर बसले होते. ते पुढच्या आसनासाठी पाय लांब करत होते. सगळं आटोपल्यावर, म्हणजे पाऊण तासानं, ते भिंतीपाशी आले, गुडघा दोन बोटांनी दाबला आणि म्हणाले, “मुरगळलाय. शेका.”

घरी पोचवायला कोणी पुढं आलं नाही. मी चाचांना माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि सायकल हातानं ढकलत बाजारातून नेली. कासोटा घातलेली मास्तरीण आणि मागे पाय ताठ धरून बसलेले चाचा. दुकानं उघडत होती. हातातली दाराची फळी तशीच धरून लोक पाहत होते. चाचा मागून सारखे म्हणत होते, “तुम्ही जा बाई, मी कोणाले तरी बोलावतो. लोक काय म्हणतीन?” मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते, आणि तेही त्या बाजारानं पाहिलं असतं.

चाचींनी दार उघडलं. चाचांना आत घेतलं, खाटेवर निजवलं, गुडघा पाहिला. मग दारात येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“तुम्हीच घेऊन गेलत्या ना?”

“हो.”

“मग आता ह्या पायाचं तुम्हीच सांगा.”

त्यांनी दार लावून घेतलं. त्या दाराचा मला राग आला नाही. त्या दिवसात तेवढं एकच माणूस मला सरळ बोललं होतं.

संध्याकाळी योगाचार्यांचं व्याख्यान होतं. मी मुद्दाम गेले. विषय, योगाची आठ अंगं. पहिलं अंग यम, आणि यमांमध्ये पहिली अहिंसा. त्या माणसानं अहिंसेवर अर्धा तास सांगितलं! मुंगीवर पाय पडू नये, मनात सुद्धा कोणाला दुखवू नये, साधकाच्या नुसत्या जवळ असण्यानं प्राण्यांचं वैर गळून पडतं. लोक माना डोलवत होते. सकाळी ज्यांनी तो आवाज ऐकला होता, तेच लोक. प्रश्न विचारायला म्हणून हात वर केला, तर वकीलसाहेब म्हणाले, “प्रश्न उद्या सकाळी.”

रविवारी सकाळी मी साध्या पाचवारीत गेले. आसनं करायची नव्हतीच. सुरू करण्यापूर्वी योगाचार्यांनी पुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “आमचे कालचे सायकलवाले घाबरून पळाले वाटतं.”

“पळाले नाहीत,” मी मागून म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “त्यांना पळताच येणार नाही. खाटेवर आहेत. पाऊल जमिनीला टेकवता येत नाही त्यांना.”

“बाई, बसा,” वकीलसाहेब म्हणाले.

“त्यांनी दोनदा सांगितलं होतं, गुडघ्याला दुखापत आहे म्हणून. सगळ्यांनी ऐकलं. काल संध्याकाळी अहिंसा सांगितलीत. मग सकाळी जे केलंत त्याला काय म्हणायचं?”

हॉलमध्ये कोणी हललं नाही. योगाचार्यांचा चेहरा जरा आवळला. “त्यांना माझ्याकडे घेऊन या,” ते म्हणाले. “मी पाहतो.”

“ते येऊ शकत नाहीत. तुम्ही चला. इथून पाच मिनिटांवर घर आहे.”

ते वकीलसाहेबांकडे पाहायला लागले. वकीलसाहेब उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, पाहुण्यांसमोर गावाची शोभा करता का? आज त्यांना दोन ठिकाणी जेवणाचं बोलावणं आहे, एक मिनिटाची सवड नाही. आणि खरं सांगायचं तर त्या सायकलवाल्याला इथे बोलावलं कोणी होतं? हा आपला विषय आहे.”

“मी बोलावलं होतं,” मी मोठ्यानं म्हटलं. “तुमचं पत्रक वाचून. त्यात लिहिलंय, धर्माचं बंधन नाही. तुम्हीच लिहिलंय.”

मी बाहेर पडले. मला वेडी आशा होती की मागून दोन-चार पावलं ऐकू येतील. हॉलमधून आवाज आला तो योगाचार्यांचा. एकम्.

त्या दिवशी दुपारी माझ्या खोलीचं मागचं दार वाजलं. शिबिरातल्या चार बायकांपैकी एक, आमच्यात वयानं मोठ्या, दुसऱ्या एका शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. डोक्यावरून पदर घेऊन आलेल्या. म्हणाल्या, “तू बोललीस ते फार चांगलं केलंस हो. आमच्या सगळ्यांच्याच मनात तेच होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“अगं, आपल्याला नोकरी करायची आहे.”

“मलाही करायची आहे, बाई. आणि पुढच्या दारानं का नाही आलात?”

त्या गोऱ्यामोऱ्या होऊन निघून गेल्या. वयानं आईसारख्या बाईला मी असं बोलायला नको होतं, असं नंतर वाटलं. पण मागच्या दारानं येणारी शाबासकी मला तेव्हा शिवीसारखी लागली.

सोमवारी सकाळी शाळेला जाताना मी बसस्टँडवर गेले. यवतमाळची गाडी लागली होती. योगाचार्य हार गळ्यात घालून उभे होते, भोवती समिती. मी सायकल टेकवून सरळ त्यांच्याकडे गेले. वकीलसाहेब मधे येऊ लागले, पण योगाचार्यांनीच त्यांना हातानं थांबवलं आणि मला दोन पावलं बाजूला घेतलं.

“कसा आहे पाय?” त्यांनी विचारलं.

“सूज उतरली नाही. हाडवैद्य म्हणतो, आतली शीर तुटली असावी. ते दिवसभर उकिडवं बसून पोट भरतात. आता बसायचं कसं?”

त्यांनी मग आपला उजवा हात वर उचलून दाखवला. खांद्याच्या वर तो जातच नव्हता. शिबिरात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळी आसनं त्यांनी मोजली होती, स्वतः करून दाखवली होती फार थोडी.

“माझ्या गुरूंनी असंच शिकवलं मला,” ते म्हणाले. “हा खांदा तेव्हाचा. मी रडलो नाही. वाटलं, विद्या अशीच येते.”

त्या क्षणी मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. उलट डोक्यात तिडीकच गेली. ज्याला दुखणं ठाऊक आहे, त्यानंच ते पुढच्याच्या अंगावर टाकावं?

“मग तुमच्या गुरूंचंही चुकलं,” मी म्हटलं. “आणि तुम्हाला तर माहीत होतं, किती दुखतं ते.”

त्यांनी पिशवीतून तेलाची एक बाटली काढून माझ्या हातात दिली. “रोज दोनदा चोळायला सांगा.” कंडक्टरनं घंटी दिली. ते गाडीत चढले. बाटली फेकून द्यावी असं मनात आलं, पण औषध म्हणून कोणी काही दिलं तर ते फेकायचा हात होत नाही. मी ती चाचींना नेऊन दिली. त्यांनी महिनाभर चोळलं. काही फरक पडला नाही.

पुढच्या आठवड्यात ती ‘निर्विघ्न’ बातमी आली. शेजारी फोटो. फोटोत पहिल्यांदा दिसतात ते चाचा, कपाळ गुडघ्यांच्या पलीकडे टेकलेले. खाली लिहिलं होतं, ‘शिबिरार्थी आसन करताना’. मी त्या साप्ताहिकाला सविस्तर पत्र लिहिलं. छापलं नाही. दुसरं लिहिलं, तेही नाही.

चाचांनी पाच महिने दुकान मेहुण्याच्या हाती दिलं होतं. परत आले तेव्हा डावा पाय निम्माच वाकत होता. त्यांनी लिंबाच्या फांदीला दोन साखळ्या बांधल्या, सायकल त्यांना टांगायची आणि उभ्यानं काम करायचं. लोकांनी त्या युक्तीचं कौतुक केलं. मला मात्र ती टांगलेली सायकल पाहवत नसे. एकदा मी विचारलं, “आसनं?” ते म्हणाले, “आसनाचं सोडा, बाई. नमाजले बसता येत नाही. स्टुलावर बसून पढून राह्यलो. अल्ला समजून घेईन, पण मले बरं नाही वाटत.”

वर्ष झालं. आमच्या केंद्रातल्या शाळांमध्ये शिपाई एक परिपत्रक घेऊन फिरत आला. त्या काळी असं होतं की, कागद एकच, तो एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचा आणि प्रत्येक शिक्षकानं ‘वाचले’ असं लिहून खाली सही करायची. विषय होता योगशिबीर. तेच योगाचार्य, तीच समिती; शिक्षकांनी मोठ्या संख्येनं यावं. माझी शाळा यादीत पहिली. मी टाक शाईत बुडवला आणि लिहिलं, ‘वाचले. मी येणार नाही. गेल्या वर्षी या शिबिरात नको म्हणत असताना एका माणसाचा गुडघा मोडला, त्याबद्दल कोणी चौकशी केली नाही.’ सही केली. शिपाई काही न पाहता कागद घेऊन पुढच्या शाळेला गेला.

दहाव्या दिवशी शाळा तपासणारे डिप्टी साहेब आले. आल्या आल्या त्यांनी तो कागद टेबलावर आपटला.

“हे काय आहे, बाई? सरकारी कागद आहे हा. तक्रारवही नाही.”

“खोटं असेल तर कारवाई करा, साहेब.”

“एवढंच असतं तर केलीच असती,” ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे फिरवला. “हे पाहा.”

माझ्या सहीखाली दुसरी सही होती. तिच्याआधी दोनच शब्द. ‘वाचले. वरीलप्रमाणे.’ सही त्या मागच्या दारानं आलेल्या पहिलीच्या बाईंची. तिच्याखाली आणखी एक ‘वरीलप्रमाणे’. मग आणखी. काहींनी नुसतं ‘वाचले’ लिहिलं होतं, पण अकरा जणांनी ‘वरीलप्रमाणे’. डिप्टी साहेबांनी कागदाची घडी घातली, चहा घेतला आणि मुलांना पाढे विचारून निघून गेले. पुढं काही झालं नाही.

शिबीर झालंच. माणसं कमी आली, एवढंच. जाऊन आलेल्या एकानं सांगितलं की, योगाचार्यांनी आरंभीच सगळ्यांना विचारलं, कोणाला काही जुनी दुखापत आहे का, असेल तर आधी सांगा. सांगणारा खुशीत सांगत होता. मला त्यात काय खूश व्हायचं ते कळेना. एवढा एक प्रश्न विचारायला शिकण्यासाठी एका माणसाचा पाय जावा लागला, आणि शिकणारा मात्र हार घालून आला आणि हार घालून गेला.

त्या परिपत्रकाची हकीकत गावात पसरली आणि चाचांपर्यंत पोचली. मी ब्रेकचं रबर बदलायला गेले होते. चाचांनी सायकल साखळीला टांगली.

“तुम्ही लिहिलं म्हणे, बाई.”

“हो.”

“काय लिहिलं? जसंच्या तसं सांगा.”

मी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, बरं वाटेल त्यांना. त्यांनी पान्हा खाली ठेवला.

“‘एका माणसाचा’? एका माणसाचा म्हणजे कोणाचा?”

“तुमचाच, चाचा.”

“मग माझं नाव काहून नाही लिहिलं?” त्यांना एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गुडघा गेला त्या दिवशीही नाही. “बातमीत नाव नाही, फोटोखाली नाव नाही. त्याईनं नाही लिहिलं ते समजलं मले. तुम्ही काहून नाही लिहिलं? पंचायतीत नाव हाये माझं, मतदानाच्या यादीत नाव हाये. तुमाले मालूम नाही काय?”

मला नाव माहीत होतं. लिहिताना टाक त्या जागी थांबलाही होता. त्या एका क्षणात मी हिशेब केला होता की, हे नाव वाचलं तर खाली सह्या करणारे हात कमी होतील. वकीलसाहेब जे तोंडानं बोलले होते, तेच मी न बोलता गृहीत धरलं होतं. हे मी चाचांना सांगू शकले नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी मान फिरवली.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“हो. चुकलंच,” ते म्हणाले, आणि पान्हा उचलून कामाला लागले.